उजव्या पायाचं माप

दाखला हातात आला तेव्हा मी तो आधी कपाळाला लावला, मग पिशवीत ठेवला. नऊ वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढली होती. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, सेविकाबाई रजेवर गेल्या की गाणीही म्हणवून घ्यायची. आता त्या निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी माझं नाव लागायचं होतं. सगळे कागद जमले होते, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला तेवढा राहिला होता. जुन्नरच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना मी तो उघडला.

‘सदर महिलेस सन १९९४ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवून शिक्षा दिलेली आहे.’

खाली गोल शिक्का. मी परत वाचलं. आळेफाट्याची गाडी लागली, भरली आणि निघाली. कंडक्टरनं दोनदा विचारलं, “मावशी, यायचं का न्हाई?” मी मान हलवली, पण हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही. गाडी गेली. मी बसलेलीच.

दुसऱ्या दिवशी मुख्यसेविका वृषालीताईंना दाखला दाखवला. आमच्यासारख्या वीस-पंचवीस अंगणवाड्या त्यांच्या हाताखाली.

“रत्नाताई, तुम्ही?” त्या म्हणाल्या. “तुमचा आवाज मला टेबलाच्या पलीकडनं धड ऐकू येत नाही, आणि तुम्हाला शिक्षा? काय केलं होतं काय?”

“दारूभट्टी,” मी म्हटलं.

“गाळत होता?”

“नाही हो. फोडली.”

त्या हसायला लागल्या. “मग तुमचा सत्कार करायला पाहिजे.” पण हसता हसता त्यांनी दाखला माझ्याकडे सरकवला. “हे बघा, मला पटतं. पण ही ओळ आहे तोवर तुमची ऑर्डर काढता येत नाही. तुमच्या अंगणवाडीचा चार्ज शेजारच्या वाडीच्या हर्षालीकडे देते. वरून कोणी विचारेपर्यंत जागा रिकामी ठेवते. तेवढ्यात ही ओळ काढून आणा.”

जसा काही साडीवरचा डाग.

आमची ती जुनी केस संपतराव वकिलांनी चालवली होती, म्हणून मी त्यांच्याकडेच गेले. त्यांचे केस पिकले होते, टेबल तेच होतं.

“कबूल केलेल्या गुन्ह्यावर अपील नसतं,” ते म्हणाले. “आणि दहा वर्षांनी तर नाहीच. एकच दार उरतं. राज्यपाल. घटनेनं त्यांना माफीचा अधिकार दिलाय. त्यांनी माफ केलं की ओळ गेली. अर्ज मंत्रालयात जातो, तिथून पोलिसांकडे चौकशीला येतो, मग परत वर.”

“पण कबूल करा असं तुम्हीच म्हटलं होतं,” मी हळूच म्हटलं.

“म्हटलं होतं. धारेच्या वेळेला घरी पोचायचं होतं ना तुम्हाला? वर्षभर तारखा कुणी केल्या असत्या?”

खरं होतं. आम्ही अकरा बायका. गोठ्यात म्हशी हंबरत असतील, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. वकील म्हणाले होते, कबूल करा, थोडा दंड होईल, कोर्ट उठेपर्यंत आत बसायचं, पाचच्या गाडीनं घरी. तसंच झालं. दंडाची पावती हातात पडली आणि आम्हाला वाटलं, पावती मिळाली म्हणजे संपलं. मी सोडून सगळ्यांनी आळेफाट्याला उतरून भेळ खाल्ली. आमच्यातल्या साळुबाईनं ती पावती किती तरी दिवस देव्हाऱ्याच्या फळीखाली जपून ठेवली होती. कबूल म्हणजे जन्मभराचं, हे एकीलाही ठाऊक नव्हतं. बाकीच्या दहाजणींना ते कळायचं कारणच नव्हतं, त्यांना कधी कुणी दाखला मागितला नव्हता.

वकिलांनी जुन्या कागदांच्या नकला मागवून घेतल्या. आठ दिवसांनी गेले तर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, “दहा आरोपींनी ‘हो साहेब’ म्हटलंय. तुमच्यापुढे लिहिलंय, ‘मान हलवून होकार दिला.’ असं का?”

“श्रावणी सोमवार होता. दिवा लागेपर्यंत माझं मौन असतं.”

त्यांनी टेबलावर हात आपटला. “मग झालं की काम! अहो, हेच आधी सांगायचं नाही का!” आणि टायपिस्टाला बोलावून ते सांगायला लागले. अर्जदार ही धार्मिक वृत्तीची स्त्री असून सुनावणीच्या दिवशी तिचे मौनव्रत होते. सबब तिला आपली बाजू मांडता आली नाही. तिच्या मान हलवण्याचा अर्थ चुकीचा घेण्यात आला. अर्जदार पूर्णतः निर्दोष आहे.

“करा सही.”

मी सही केली. एक झेरॉक्स त्यांनी माझ्यासाठी काढून दिली. घरी येईपर्यंत ती पिशवीत होती, पण मला ती पाठीवर असल्यासारखी वाटत होती.

कारण त्या दिवशी मी मान हलवली ती खरी होती.

तेव्हा आमच्या पिंपरी पेंढारच्या ओढ्याला हातभट्टी चालायची. कुणाची, ते गावाला ठाऊक होतं, नाव कुणी घेत नव्हतं. तिथं राबायचे ते सावळेराम आणि त्याची बायको सोनीबाई. डोंगराकडची माणसं, डिंभ्याच्या वरच्या अंगाची. भाताची खाचरं धरणाच्या पाण्यात गेली म्हणून इकडे पोटाला आलेली. त्या साली माझा धाकटा दीर जानकू दारूनं गेला. सव्वीस वर्षांचा होता. त्याचं चौदावं झालं आणि पंधराव्या दिवशी आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई झुंबरबाई, उठल्या, पदर खोचला आणि दारोदार जाऊन बायका गोळा केल्या. अकरावी मी.

पिंपं उलटी केली, मडकी फोडली. भट्टीवर एक डबा उकळत होता. सोनीबाई त्याच्यापुढे आडवी उभी राहिली. “ह्यो ठिवा, मालक जीव घेईल माझा,” म्हणत होती. तिचा उजवा पाय भट्टीच्या अगदी लगत होता, अनवाणी. मी डबा लोटला. उकळतं रसायन तिच्या पायावर गेलं.

गर्दीत कुणाला काही दिसलं नाही. फिर्याद भट्टीच्या मालकानंच तिच्या नावानं द्यायला लावली. फिर्यादीत ‘झटापटीत सांडले’ असं आलं आणि ते अकराजणींवर सारखं वाटलं गेलं. डबा माझ्या हातून गेला हे मी कुणाला सांगितलं नाही. आणि एक गोष्ट तर मी देवापुढेही मनात नीट उच्चारत नव्हते. लोटण्याआधी मला तिचा पाय दिसला होता.

त्या दिवसापासून मी पायात काही घालत नाही. आत्याबाईंना वाटतं, जानकूसाठी. मी तसं वाटू दिलं.

अर्ज गेल्यापासून मात्र माझं कशातच चित्त लागेना. पहाटे जपाला बसले की मणी पुढे जायचे आणि नाव मागे राहायचं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तुळशीला प्रदक्षिणा घालताना आकडा चुकायचा. एकदा अंगणवाडीतली खिचडी करपली, नऊ वर्षांत पहिल्यांदा. हर्षाली चार्जला येऊन खुर्चीवर बसायची, वयानं माझ्या भाचीएवढी, आणि बिचारी मलाच विचारायची, “रत्नाताई, हे रजिस्टर कुठं ठेवू?” मी सांगायची आणि बाहेर जाऊन उगाच अंगण दुसऱ्यांदा झाडायची.

आमचे हे म्हणजे सुभाष, कमी बोलणारा माणूस. एका सकाळी म्हणाले, “येरझाऱ्या घालून अंगणात वाट पडंल गं.” मी हसले. पण थांबले नाही.

दिवाळीनंतर जमादार चौकशीला आले. ओसरीवर बसून चहा घेतला.

“वहिनी, गावात तुमच्याबद्दल समदी चांगलंच बोलत्यात,” ते म्हणाले. “पर फिर्यादी बाईचा जबाब पायजे. तिची हरकत हाय का न्हाई, ते वर कळवावं लागतंय. कुठं असती ती?”

“सावळेराम वारला,” आत्याबाई म्हणाल्या. “ती गेली माहेरी, भावापाशी. डिंभ्याच्या वर.”

“आमच्याकडनं पत्र धाडायचं तर लई दिस जात्याल. तुमीच जाऊन लिहून आणा, तिथल्या पोलीस पाटलाची सही घेऊन. मी जोडून देतो.”

वकिलांनी जबाबाचा मसुदाही करून दिला. ‘सदर महिलेने मला कोणतीही इजा केलेली नाही.’ फक्त खाली अंगठा हवा होता.

मी शनिवारी निघाले. आळेफाटा, मंचर, घोडेगाव, तिथून डिंभ्याची गाडी. धरणाच्या कडेनं वर जाणाऱ्या रस्त्यावर गाडीनं सोडलं आणि पुढे कोसभर चढ. भातं निघून गेली होती. खाली पाणी लांबवर पसरलेलं, आणि त्यात मधेच एका आंब्याचा वाळका शेंडा वर आलेला.

सोनीबाई अंगणात नाचणी पाखडत होती. म्हातारी नव्हती, पण दिसायला लागली होती.

“कोण?”

“मी रत्ना. पिंपरी पेंढारची. झुंबरबाईंची सून.”

सूप थांबलं नाही. “सावलीत बस,” ती म्हणाली. पाखडून झालं तेव्हा उठली आणि आत गेली. तेव्हा मी तिचा पाय बघितला. उजव्या पायाची बोटं एकमेकांवर ओढली गेली होती, कातडी चकचकीत. ती पायाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन चालत होती.

तिनं नाचणीची भाकर आणि घेवड्याचं कालवण माझ्यापुढे ठेवलं.

“माझा शनिवार आहे,” मी म्हटलं.

“शनिवार समद्यांचाच हाय. जेव.”

मी तिच्याकडे बघितलं आणि भाकर मोडली. किती वर्षांचा उपास होता तो, मोजलं नाही.

जेवून झाल्यावर तिनं विचारलं, “आता बोल. एवढं चढून आलीस ते काय काम काढून?”

मी सगळं सांगितलं. दाखला, अंगणवाडी, अर्ज. ती ऐकत होती.

“माफी कोन देनार म्हनलीस?”

“राज्यपाल.”

“त्ये कोन?”

“मुंबईत असतात. राज्यात सगळ्यांच्या वर.”

“त्यांचा पाय भाजला व्हता का?”

मी पिशवी पुढे ओढली. तिच्यातून मसुदा काढला आणि वाचून दाखवला. सदर महिलेने मला कोणतीही इजा केलेली नाही. सोनीबाई हसली. वाईट नाही हसली. अंगणवाडीत पोरं अंगाला शाई लागलेली असताना मी नाही सांडली म्हणतात, तेव्हा मी हसते तशी.

“हिरवं पातळ नेसली व्हतीस,” ती म्हणाली. “तू आधी खाली बघितलंस. माझ्या पायाकडं. मंग लोटलंस.”

अंगणात एक कोंबडी नाचणी टिपत होती. सोनीबाईनं तिला हाकललं नाही.

“हो,” मी म्हटलं. “बघितला होता पाय.”

दहा वर्षांत ते वाक्य पहिल्यांदा माझ्या तोंडातून बाहेर आलं, आणि एवढं हळू आलं की तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. म्हणून मी परत म्हटलं, मोठ्यानं. “पाय बघून लोटलं मी. माझा दीर गेला होता.”

“म्हाईत हाय. जानकू. गुनाचा व्हता. दोनदा मीच त्याला माघारी धाडला व्हता, घरी जा बाबा म्हनून. मंग त्यो सरळ मालकाकडं गेला. मालकानं पाजली.”

हे मला ठाऊक नव्हतं. आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

“त्या दिवसापासून मी पायात काही घातलं नाही,” मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. बहुतेक तिनं बघावं म्हणून.

तिनं बघितलं. माझ्या भेगा पडलेल्या टाचा, धुळीनं भरलेली बोटं. मग स्वतःचा पाय पुढे केला. “तू घालत न्हाईस. मला घालताच येत न्हाई. बोटं अशी झाल्याली, पट्टा ठरत न्हाई. चिखलात, काट्यात अशीच जाते. तुझ्या अनवानी फिरन्यानं ह्याला काय आराम पडला का गं?”

मी पाय पदराखाली ओढून घेतले.

“लिवता येतं ना तुला? मंग लिव. मी सांगते त्येच लिव.”

मी मसुद्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागले. ती सांगत होती, एकेक वाक्य, मधे थांबून.

भट्टीवरचा डबा रत्नानंच लोटला. बघून लोटला. माझा पाय भाजला. त्याला दहा वर्षं झाली. ती आता लहान पोरं सांभाळती. तिला काम द्यायला माझी हरकत नाही.

मी थांबले. पेन तसंच धरून बसले.

“माफ केलं, असं पुढे...”

“त्ये लिवू नगंस. केलं न्हाई.”

“बरं.”

“तसंच लिव की. माफ केलं न्हाई म्हनून लिव.”

मी तेही लिहिलं. मसुद्याच्या बाजूवर काट मारली. तिनं अंगठा केला. पोलीस पाटील शेजारच्याच घरात राहत होते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि डोकं खाजवलं.

“सोने, हा कागद या बाईंच्या बाजूचा हाय का इरोधातला?”

“दोनी,” सोनीबाई म्हणाली. “कर सही.”

निघताना मी विचारलं, “तुम्हाला काही आणू का?”

तिला राग येईल असं वाटलं होतं. ती पटकन म्हणाली, “पायात घालाया आन. माझ्या पायाच्या मापाचं. बाजारात मिळंना कुठं.”

माप घ्यायला काही नव्हतं. पिशवीत अर्जाची झेरॉक्स होती, मागून कोरी. मी ती शेणानं सारवलेल्या अंगणात पसरली. सोनीबाई माझ्या खांद्याचा आधार घेऊन तिच्यावर उभी राहिली आणि मी पेनानं पायाभोवती रेघ ओढत गेले. वळलेल्या बोटांपाशी पेन अडखळलं.

“हळू! गुदगुल्या व्हत्यात!” ती खेकसली.

खालून ‘पूर्णतः निर्दोष’ ही अक्षरं उलटी दिसत होती.

सोमवारी मी वकिलांकडे गेले. त्यांनी जबाब वाचला आणि चेहराच उतरला.

“ही तर तुमची कबुली आहे! फाडून टाका आधी. मी दुसरा करून देतो, बाईला थोडं समजावून सांगा.”

“फाडायचा नाही. आणि अर्जातलं मौनाचं काढायचंय.”

“अहो, तेच तर आपलं बळ आहे! ते काढलं तर राहिलं काय अर्जात?”

“मला कोर्टातल्या साहेबांचा प्रश्न कळला होता. मी समजून मान हलवली होती.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “रत्नाबाई, जागा जाईल तुमची. निर्दोष आहे म्हटल्यावर सुद्धा किती जणांचे अर्ज परत येतात. आणि तुम्ही निघालात पाय बघून लोटलं म्हणून लिहून द्यायला.”

“निर्दोष असते तर माफी कशाची मागितली असती?” मी म्हटलं. ती जागा मला हवी होती. खूप हवी होती. रात्री स्वप्नात मी त्या खुर्चीवर बसलेली असायचे.

त्यांनी टायपिस्टाला हाक मारली. “लिही बाबा. दुरुस्ती अर्ज. बाईंना स्वतःच्या विरुद्ध केस लढायची आहे.”

मग जमादार पुन्हा आले. आता कागदावर नवीन गोष्ट आली होती, म्हणून जुन्या आरोपींना विचारायला हवं होतं. आमच्या अंगणात सातजणी जमल्या. तिघी देवाघरी गेल्या होत्या. जमादारांनी सोनीबाईचा जबाब मोठ्यानं वाचला. मी तुळशीपाशी उभी होते, वृंदावनाची कड धरून.

पहिली साळुबाईच बोलली. “आगं भवाने! मंग आमी दिसभर कोर्टात उपाशी कशापायी बसलो? आन माझी म्हैस त्या दिशी आटली ती येगळीच!”

दोघी-तिघी हसल्या. साळुबाई हसली नाही. जाताना माझ्याजवळून गेली, पण माझ्याकडे बघितलं नाही. पुढे कित्येक महिने हळदीकुंकवाला तिनं मला बोलावलं नाही.

आत्याबाई त्या दिवसापासून माझ्याशी बोलेनात. ताट वाढलं की घ्यायच्या, पाणी ठेवलं की प्यायच्या. दहा वर्षं त्या सांगत आल्या होत्या, माझ्या सुनेनं मुंगीसुद्धा मारली नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी येऊन बसल्या.

“जानकूला तिनं माघारी धाडला व्हता?”

“दोनदा, म्हणाली.”

“दोनदा.” त्यांनी राखेत काडीनं दोन रेघा ओढल्या आणि पुसल्या. “आन मी तिच्याच दारात बायका घिऊन गेले. मालकाच्या दारात न्हाई गेले.”

मी तव्यावरची भाकर उलटली.

मग वाट बघणं. पौष गेला, चैत्र गेला, पुढचा श्रावण आला. वृषालीताई बैठकीला भेटल्या की म्हणायच्या, “रत्नाताई, वरून दोनदा विचारलं हो. किती दिवस जागा धरून ठेवू?” मी म्हणायचे, “अजून थोडे.” पोस्टमनची सायकल वाजली की हातातली पळी सुटायची. पत्र वीजबिलाचं तरी असायचं, नाही तर लग्नाचं.

आणि या मधल्या दिवसांत मी डिंभ्याच्या वर फेऱ्या मारत होते. जुन्नरला चपला शिवणारे भिमाजी म्हणून आहेत. त्यांनी अर्जावरची ती रेघ बघून कागद उलटसुलट केला. “ताई, हा पाय हाय का तालुक्याचा नकाशा?” पण त्यांनी शिवून दिलं. मागून पट्टा, पुढे बोटांना मोकळं, आत मऊ कातडं. पहिला जोड सोनीबाईच्या बोटांना घासला. दुसऱ्याचा पट्टा घोट्याला रुतला. प्रत्येक वेळी ती अंगणातून खळ्यापर्यंत जाऊन परत यायची, काढून माझ्या हातात द्यायची आणि काय चुकलं ते सांगायची. माफीबद्दल ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. भाकर मात्र प्रत्येक वेळी वाढली.

फाल्गुनात जमादार स्वतः घरी आले. बंद लिफाफा नव्हता, नुसता दुमडलेला कागद होता. राज्यपालांच्या आदेशानं सदर महिलेस दिलेली शिक्षा माफ करण्यात येत आहे. बस, एवढंच. का माफ केली ते लिहिलं नव्हतं. सोनीबाईच्या जबाबामुळे, की जबाब असूनही, ते कुणी सांगितलं नाही. वकिलांना विचारलं तर तेही म्हणाले, “सरकार कारण देत नसतं.” आणि मग, “माझा मसुदा असता तर काय झालं असतं, ते मलाही आता सांगता येत नाही.”

वृषालीताईंनी पंधरा दिवसांत ऑर्डर काढली. हर्षालीनं कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि सुटल्यासारखी हसली. मी खुर्चीवर बसले. बसवेना. उठून पोरांना ओळीत बसवलं, तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला, तोही खिचडी वाढेपर्यंतच.

पहिल्याच शनिवारी मी नवा जोड घेऊन वर गेले. आदेशाची झेरॉक्सही पिशवीत होती. सोनीबाईला वाचता येत नाही, तरी तिला दाखवावी असं वाटत होतं.

“निघाली का ती दाखल्यावरची वळ?” तिनं विचारलं.

“निघाली.”

“बरं झालं. पोरांस्नी चांगलं शिकीव.” तिनं कागद हातात घेतला, शिक्क्यावर अंगठा फिरवला आणि परत दिला. “दाव, काय आनलंय.”

मी खाली बसून तिच्या पायात जोड घातला. पट्टा लावला. ती उठली आणि चालायला लागली. खळ्यापर्यंत गेली. तिथं थांबली, वळली आणि परत आली. या वेळी पायाच्या कडेवर नाही, पूर्ण तळव्यावर चालत होती.

“डावं झ्याक बसलंय,” ती म्हणाली.

“आणि उजवं?”

तिनं पाय दोनदा आपटला. “टाचंत ढिलं हाय. निसटंल वढ्यात.”

“परत शिवून आणते.”

“आन.”

मी जोड काढून पिशवीत ठेवला, आदेशाच्या कागदाबरोबर. भाकर खाल्ली. निघाले तेव्हा ऊन तापलं होतं, आणि खालच्या वाटेवरचे दगड अंगारासारखे. दहा-वीस पावलं गेले असेन, मागून तिची हाक आली.

“आगं ए! तुझी वळ निघाली ना आता? मंग घाल की पायात कायतरी!”

मी वळले. ती खळ्याच्या कडेला उभी होती, अनवाणी, एक हात डोळ्यांवर धरून.

“तुमचं उजवं बसू दे,” मी ओरडून म्हटलं. एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

“मंग त्या शिवनाऱ्याला नीट सांग जा!” ती ओरडली. “टाच, म्हनावं, टाच!”

चारची गाडी गाठायची होती. मी तापल्या दगडांवरून भराभर उतरायला लागले, टाच, टाच म्हणत, जपाचे मणी ओढल्यासारखं.